चाळिशीत नवरा पोलिसात: घरचं गणित कसं बसवायचं?

कोरेगावची_सून

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचायला येते आणि न लिहिता निघून जाते. आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमचे मिस्टर १७ वर्षं फौजेत होते. दोन वर्षांपूर्वी हवालदार म्हणून पेन्शनवर आले. आता वय ३९. आल्यावर सहा महिने शेती केली, मग एटीएमवर सुरक्षारक्षक म्हणून उभे राहिले. ते काही त्यांना मानवलं नाही. मग माजी सैनिकांच्या जागांमधून पोलीस शिपाई भरतीचा फॉर्म भरला. मला वाटलं, वेळ घालवायला करताहेत काहीतरी. पण पहाटे साडेचारला उठून १६०० मीटरचा सराव, गोळाफेक आणि रात्री मुलीच्या शेजारी बसून काळ-काम-वेगाची गणितं. मुलगी त्यांना ओरडायची, "पप्पा, एकक बघा आधी!" आणि झाली की हो निवड. शेजारच्या जिल्ह्यात.

गावात सगळे पेढे मागताहेत. सासूबाई म्हणतात, सरकारी नोकरी दोनदा कुणाच्या नशिबात असते? मी पेढे वाटले पण खरं सांगू, मला रडू आलं. १७ वर्षं घर मी एकटीने ओढलं. दोन्ही बाळंतपणं, सासऱ्यांचं आजारपण, विहिरीची मोटर जळाली तरी मीच. आता कुठे माणूस घरात वावरायला लागला होता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पोलिसाचं घर प्रत्यक्षात कसं चालतं? आणि मुलगी आठवीत जाणार, मुलगा तिसरीत, तर क्वार्टर घेऊन त्यांच्यासोबत जावं की गावीच राहावं?

लाईनबॉय_८७

पहिला! अभिनंदन वहिनी. खरं काय ते निवांत लिहितो, आत्ता ऑफिसात आहे.

टवाळ_तात्या

काहीही होवो, फौजी कॅन्टीनचं कार्ड जपून ठेवायला सांगा. पोलिसात गेल्यावर मित्र वाढणार आहेत. :)

मावळतीचा_सूर

ताई, तुमच्या मुलीच्या जागी मी होते. बाबा फौजेतून आले आणि ३८व्या वर्षी पोलिसात लागले, तेव्हा मी ११ वर्षांची होते.

ड्युटीच्या तासांबद्दल इथे सगळे लिहितीलच. मी वेगळं सांगते, जे मला खूप उशिरा कळलं. फौजेत बाबा हवालदार होते. हाताखाली माणसं होती, सुट्टीवर आले की गावात "हवालदारसाहेब" म्हणून हाक. पोलिसात ते शिपाई. पुन्हा पहिल्या पायरीवर. पोलिसातला हवालदार व्हायला त्यांना पुढे किती वर्षं लागली! आणि ठाण्यातले फौजदार २६-२७ वर्षांचे, ते "ए पाटील, चहा सांग रे" म्हणायचे. बाबा चहा सांगायचे. घरी येऊन मात्र चपला सरळ रेषेत नाहीत म्हणून आम्हा भावंडांना झापायचे.

आम्हाला वाटायचं, बाबा बदलले. आई म्हणायची, "त्यांना जेवू द्या, मग बोला." एवढंच तिचं धोरण. बूट काढून, हात-पाय धुऊन, दोन घास पोटात जाईपर्यंत घरात कुणी तक्रार सांगायची नाही. माझी सहामाहीची गुणपत्रिका तिने तीन दिवस डब्याच्या कपाटात दाबून ठेवली होती, बाबांची रात्रपाळी संपेपर्यंत.

तुमच्या मिस्टरांना हे आधीच विचारून ठेवा, की वयाने लहान साहेबाचं ऐकायची मनाची तयारी आहे ना. तासांचा ताण दिसतो, हा दिसत नाही.

निवृत्त_सफौ

सदर विषयावर अनुभवाने लिहितो. ३४ वर्षे नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो.

प्रथम प्रशिक्षण. नऊ महिने पीटीसी, म्हणजे पोलीस प्रशिक्षण केंद्र, धरून चाला. तुरची, नानवीज, खंडाळा, जिथे पाठवतील तिथे. फौजी माणसाला परेडचे काही वाटत नाही, कायद्याच्या पुस्तकाचे वाटते. त्यातून २०२४ च्या जुलैपासून नवे कायदे आले. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. आमच्या वेळी ३०२ म्हटले की लहान पोरालाही कळायचे, आता खून म्हणजे १०३. एका अर्थी हे बरेच आहे, कारण जुने-नवे सगळेच विद्यार्थी.

पीटीसीतून आल्यावर पहिली काही वर्षे बहुधा मुख्यालयात जातात. गार्ड, कैदी पार्टी (कैद्यांची ने-आण), बंदोबस्त. पुढे पोलीस ठाणे मिळते. ठाण्यात घराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे हजेरी मास्तर. साहेबापेक्षाही. उद्या कोणाला कुठे पाठवायचे ते हा लिहितो. पूर्वी फळ्यावर लागायचे, आता रात्री नऊ-साडेनऊला ग्रुपवर येते. पोलिसाच्या बायकोला उद्याचा दिवस आज रात्री कळतो, हे पक्के लक्षात ठेवा.

वर्षाचे कॅलेंडर उलटे वाचायला शिका. लाल रंगाची तारीख म्हणजे हमखास ड्युटी. आषाढी, गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर, निवडणूक आली की विसरा. पुण्यातली विसर्जन मिरवणूक २४ तासांच्या पुढे चालते, तेवढा वेळ माणूस पायावर. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते आणि बंदोबस्त आला की रद्द होते. किरकोळ रजा पूर्वी १२ होत्या, २०२२ मध्ये २० केल्या. मिळाल्या तर आपल्या.

जाता जाता, फौजेतून आलेले लोक कामाला चोख असतात. एकच खोड. त्यांना हुकूम स्पष्ट लागतो. पोलिसात निम्मे काम समजूत काढण्याचे असते.

कोरेगावची_सून

बापरे. सफौ काका, तुमचं वाचून ह्यांना वाचून दाखवलं. "हुकूम स्पष्ट लागतो" ह्यावर आमच्या घरात फार हसू झालं. घरातही तसंच आहे, "भाजी आणा" म्हटलं की कुठली, किती, कितीपर्यंत सगळं विचारतात.

एक मात्र मनात आलं. फौजेत वर्षाला ६० दिवसांची रजा आणि वर ३० दिवस किरकोळ. तुकड्यांत का होईना, पण आले की पूर्ण आमचे असायचे. पोरं शाळेला दांडी मारायची. इथे तर वर्षभर जवळ राहून तेवढे दिवस मिळायचे नाहीत असं दिसतंय.

स्पष्टवक्ता

राग मानू नका, पण एकदा पेन्शन सुरू असताना दुसरी सरकारी नोकरी कशाला? इथे पोरं पाच-पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन, एक वेळची मेस लावून भरतीची तयारी करताहेत. वय निघून जातं त्यांचं. खुल्या प्रवर्गाला २८ ला दार बंद. आणि तुम्हाला चाळिशीत प्रवेश?

भरतीवाला_पोरगा

@स्पष्टवक्ता मी त्या पोरांपैकीच एक आहे. तिसरा प्रयत्न. माजी सैनिकांच्या जागा वेगळ्या धरलेल्या असतात, समांतर आरक्षण म्हणतात त्याला. उमेदवार मिळाले नाहीत तर त्या त्याच प्रवर्गातल्या बाकीच्यांकडे येतात, हे खरं. म्हणून आत कुठेतरी आम्हीही "येऊ नये कुणी" असं म्हणतो, खोटं कशाला बोलू. वयात त्यांना नोकरीची वर्षं अधिक तीन अशी सूट असते. पण मैदानावर माझ्या बॅचला एक फौजी काका होते, १६०० मीटरला शेवटच्या फेरीत मला मागे टाकून गेले. वर थांबून म्हणाले, "श्वास नाकाने घे रे बाळा." तेव्हापासून माझी तक्रार नाही.

स्पष्टवक्ता

ठीक. मुद्दा मांडला, व्यक्तीबद्दल काही नाही. पेन्शनीत दोन मुलांचं शिक्षण निघत नाही हे मलाही कळतं.

मिसिसागाची_मनू

धागा वाचून अगदी राहवलं नाही. आम्ही कॅनडात, ओंटारिओमध्ये. नवरा १५ वर्षं बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि ४१व्या वर्षी पोलीस झाला. इथे वरची वयोमर्यादा नाही. प्रशिक्षणाला एल्मर नावाच्या छोट्या गावात प्रांताचं पोलीस कॉलेज आहे. त्याची १५,४५० डॉलर फी होती, ती सरकारने २०२३ मध्ये काढून टाकली, आणि तिथूनच ह्याच्या डोक्यात किडा घुसला. माझ्या आईला पुण्यात फोनवर सांगितलं तर ती पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, "कंपनीने काढलं का गं त्याला?"

इथे बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात, पण वेळापत्रक महिनोन्महिने आधी हातात. म्हणजे सफौ काका म्हणतात तसं रात्री नऊला कळायचा प्रकार नाही. तरीही घर हललंच. पहिलं कारण ज्येष्ठता. सुट्ट्या निवडायचा हक्क ज्येष्ठतेने, म्हणजे २८ वर्षांची मुलं जुलै-ऑगस्ट घेऊन मोकळी आणि आमचे चाळिशीचे नवशिके नोव्हेंबरात, जेव्हा मुलांना शाळा. मावळतीचा_सूर यांनी लिहिलेलं इथेही तसंच आहे, फक्त चहा जो तो आपला आणतो.

दुसरं कारण झोप. रात्रपाळी करून माणूस सकाळी सातला येतो आणि घर तेव्हाच जागं होत असतं. आम्ही तळघरात खोली केली, खिडकीला काळा पडदा. मुलगा ७ वर्षांचा, शाळेतून आला की चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात येऊन मला कानात विचारायचा, "बाबा आहे की झोपलाय?" मला ते वाक्य आवडत नाही अजून.

पण एक सांगते. सॉफ्टवेअरमध्ये असताना तो घरी असून लॅपटॉपमध्ये असायचा. आता चार दिवस सुट्टी असते तेव्हा मुलाला पोहायला तोच नेतो, शिरा तोच करतो. शिरा बरा करतो.

टवाळ_तात्या

मनूताई, शिऱ्यात गुठळ्या झाल्या तर तक्रार कुठे नोंदवायची तुमच्याकडे? अदखलपात्र की दखलपात्र?

मिसिसागाची_मनू

तात्या, फिर्यादी आणि खाणारा एकच असल्यामुळे आपसात तडजोड.

खटाव_एक्सप्रेस

वर्दीचा एवढा सोस असेल तर पोलीस पाटील का नाही झाले? गावातच राहायचं, वय ४५ पर्यंत चालतं, मानधन २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून १५ हजार झालंय.

निवृत्त_सफौ

पोलीस पाटलाला वर्दी नसते हो. आणि अर्ज करायला गावची जागा रिकामी असावी लागते, तीही ठरलेल्या प्रवर्गाची. शिवाय रात्री दोनला विहिरीत प्रेत सापडले तर पहिला फोन त्यालाच. गावातच राहून गावाचे वाईट व्हायचे, ते वेगळे. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात दोघेही त्याच्यावर रागावतात.

खटाव_एक्सप्रेस

हे मात्र खरं. आमच्या चुलत्यांना सरपंचकीच्या निवडणुकीनंतर दोन वर्षं कुणी लग्नाला बोलावलं नव्हतं. :D

खाकीतली_आई

सगळे "नवरा पोलीस, बायको घरी" असं धरून चाललेत म्हणून लिहिते. मी पोलीस शिपाई आहे. ३२व्या वर्षी भरती झाले, राखीव प्रवर्गाची शेवटची संधी होती. तेव्हा मुली ७ आणि ४ वर्षांच्या. नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान.

पीटीसीचे महिने मुली नवऱ्याकडे. त्याला वेणी घालता येत नव्हती. पहिल्या रविवारी भेटायला आला तेव्हा मोठीचे केस त्याने चक्क केबल बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधून आणले होते. मी हसले, मग बराकीत जाऊन रडले. तीन महिन्यांनी आला तेव्हा पाचपेडी वेणी. यूट्यूबवर शिकला होता. आज शेजारच्या मुलींच्याही घालून देतो स्नेहसंमेलनाला.

महिलांना आठ तासांची ड्युटी कागदावर आली आहे. काही ठाण्यांत मिळते, काही ठिकाणी मनुष्यबळ नाही म्हणून मिळत नाही. बंदोबस्तात अजूनही सर्वांत मोठा प्रश्न स्वच्छतागृहाचा. मी बंदोबस्ताच्या दिवशी सकाळपासून पाणी कमी पिते, हे घरी कुणाला सांगितलेलं नाही. इथे सांगते.

ताई, बाकीचे सांगताहेत त्यात मी एकच घालेन. तुमच्या घरात सगळं तुम्हाला येतं. हीच अडचण होणार आहे. आमच्याकडे मी गेल्यावर नवऱ्याला शिकावं लागलं म्हणून घर सावरलं. तुमच्याकडे ते गेले तरी काही अडणार नाही, त्यामुळे ते आले तरी त्यांना काम सापडणार नाही. फौजी माणूस सुट्टीवर आला की पाहुणा असतो ना घरात? तसाच राहील. एखादं काम ठरवून त्यांच्यावर टाका आणि ते चुकलं तरी हात लावू नका.

कोरेगावची_सून

खाकीतली_आई, तुमचं वाचून बराच वेळ फोन बाजूला ठेवला. खरंय. आल्यापासून दोन वर्षांत गॅसचा नंबर लावणं, दूधवाल्याचा हिशेब, मुलाची गृहपाठाची वही, ह्यातलं काही मी त्यांना करूच दिलं नाही. ते करायला आले की मी म्हणायचे, राहू द्या, तुम्हाला नाही कळायचं. फॉर्म त्यांनी त्याच सुमारास भरला असेल का, असं वाटून गेलं.

मावळतीचा_सूर

ताई, तेवढं सगळं अंगावर नका घेऊ. एटीएमसमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बारा तास बसून पाहिलंय का कधी कुणी इथे?

लाईनबॉय_८७

आलो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच देऊ शकतो, कारण बारावीपर्यंत लाईनीत, म्हणजे पोलिसांच्या सरकारी वसाहतीत, वाढलोय.

क्वार्टरबद्दल भ्रम नको. जुन्या लाईनी म्हणजे दोन छोट्या खोल्या, गळकं छप्पर, पाण्याला नंबर. काही ठिकाणी नव्या इमारती झाल्यात, त्या बऱ्या. पण अर्ज केला आणि मिळाली असं होत नाही, प्रतीक्षा यादी असते. आणि नऊ महिने ते पीटीसीत असताना तुम्ही परक्या जिल्ह्यात जाऊन करणार काय?

लाईनीचा फायदा एकच, पण मोठा. कुणाचाच बाप घरी नसतो. दिवाळीला आमच्या चाळीत एकही पुरुष नसायचा, सगळे फटाक्यांच्या बंदोबस्तावर. मग सगळ्या आया मिळून एकीच्या दारात फराळ मांडायच्या आणि आम्ही पोरं पाच घरच्या चकल्यांची तुलना करायचो. बाहेर राहणारा माझा वर्गमित्र, त्याचेही वडील पोलीस, तो दिवाळीला एकटा बसायचा. फरक तेवढाच.

तोटाही सांगतो. लाईनीतली पोरं लवकर टपोरी होतात, असं शिक्षक तोंडावर म्हणायचे. बाप साहेबाचा राग घरी आणतो, दारू असेल तर आणखी. भिंती पातळ, सगळ्यांना सगळं ऐकू येतं. पोरगी आठवीत आहे म्हणालात. दहावी होईपर्यंत शाळा हलवू नका. पुढे बघा.

सातासमुद्रापार

इंग्लंडमधून फक्त एक पर्याय म्हणून सांगतो. इथे स्पेशल कॉन्स्टेबल असतात, बिनपगारी. आपली नोकरी सांभाळून महिन्याला १६ तास वगैरे द्यायचे, वर्दी आणि अधिकार पूर्ण. माझा मेहुणा ४६व्या वर्षी झाला. बायको म्हणते, शनिवारी रात्री दुसऱ्यांचे दारुडे उचलतो आणि रविवारी घरचा कचरा उचलत नाही.

टवाळ_तात्या

बिनपगारी आणि शनिवारी रात्री? आपल्याकडे ह्याला होमगार्ड म्हणतात, आणि त्यांना निदान भत्ता तरी असतो.

निवृत्त_सफौ

आठ तासांच्या ड्युटीचा विषय वर निघाला म्हणून. मुंबईत २०१६ मध्ये देवनार ठाण्यात तीन पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला, आणि तो आराखडा कुठल्या मोठ्या साहेबाने नव्हे, तिथल्याच एका शिपायाने आखला होता. माझा पुतण्या तेव्हा मुंबईत होता. त्याची बायको सांगते, पहिल्या आठवड्यात हा संध्याकाळी पाचला घरी आला तर तिला वाटले निलंबित झाला.

कोरेगावची_सून

धागा वर काढतेय, माफ करा. आठ महिने झाले.

मिस्टर पीटीसीत आहेत, पुढच्या महिन्यात दीक्षान्त संचलन. आम्ही गावीच राहिलो. लाईनबॉय भाऊजींचं ऐकलं, मुलीची दहावी होईस्तोवर इथेच.

खाकीतली_आईंचंही ऐकलं. मुलाचं गणित त्यांच्याकडे दिलं. रविवारी फोन मिळतो तेव्हा पाढे तेच घेतात. त्याला १७ चा पाढा अजून येत नाही, मला सारखं वाटतं मध्ये पडावं, पण पडत नाही. परवा फोनवर मुलगा अडकला तर पलीकडून तेही अडकले. दोघं हसत बसले, पाढा राहिला.

एक प्रसंग सांगते. जूनमध्ये माउलींची पालखी लोणंदला आली तेव्हा आम्ही सगळे दर्शनाला गेलो होतो. चौकात एक पोलीस दोरी धरून उभा, पायाला चिखल, साधारण ह्यांच्याच वयाचा. मुलगा त्याच्याकडे टक लावून बघत होता. मी पिशवीतला दशमीचा डबा त्याला दिला. तो म्हणाला, "ताई, दोरी सोडता येत नाही." मग मुलीने त्याची दोरी धरली आणि त्याने तिथेच उभ्याने दोन दशम्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी कुठल्यातरी चौकात हे उभे असतील.

तर आता कामाचं. बंदोबस्ताच्या पिशवीत काय काय भरून द्यायचं, ती यादी कुणीतरी टाका.

खाकीतली_आई

दोन जोड मोजे, तिसरा असेल तर उत्तम. बुटात घालायला पावडर. ओआरएसची पाकिटं. चार्जर आणि पॉवर बँक. दशमी किंवा धपाटे, पोळी नको, कडक होते. चिवडा नको, हात खराब होतात आणि वॉकीटॉकी धरता येत नाही. गुळ-शेंगदाणे. पावसाळ्यात एक मोठी प्लास्टिकची पिशवी, बसायला. सुटे पैसे. स्टीलचा डबा नको, हरवतो, आइस्क्रीमचा रिकामा डबा द्यायचा.

निवृत्त_सफौ

अमृतांजन राहिले. आणि शिट्टी. खात्याकडून मिळते, तरी एक जादा असावी.

कोरेगावची_सून

शिट्टी मागच्या सुट्टीत घेऊन आले होते. ती आमच्या धाकट्याकडे आहे. ती काही आता परत मिळायची नाही.